खालचा अर्धा पडदा

आक्का, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी बोलले आणि त्यातला एक शब्द खरा नव्हता. बौद्धाचारींनी वंदना घेतली, जलदान झालं. तुझ्या फोटोपुढच्या मेणबत्त्या पंख्याच्या वाऱ्यानं दोनदा विझल्या, तुझ्या प्रशांतनं दोनदा लावल्या. मग कुणीतरी म्हणालं, "आता शोभा मॅडम दोन शब्द बोलतील." मॅडम म्हटलं की मला उभं राहावंच लागतं, नोकरीची खोड आहे ती. उभी राहिले आणि म्हणाले, आक्का कष्टाळू होत्या, मनमिळाऊ होत्या, त्यांच्या जाण्यानं घराचा आधार गेला. बदली झालेल्या गुरुजींना निरोप देताना मी हेच बोलते, फक्त नाव बदलते.

तू कसली मनमिळाऊ गं! नळावर तुझा आवाज निघाला की पुढच्या बाया आपण होऊन घागरी मागं घ्यायच्या. लग्न होऊन मी या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवशी तू मला म्हणालीस, "डी.एड. झालीस ते चांगलं झालं, पर भाकरी वातड करतीस." धाकट्या जावेला असं तोंडावर सांगायची रीत नाही. तू सांगितलंस, वर हात धरून शिकवलंस. मला राग आला होता आणि भाकरी सुधारली होती.

मला खरं तर दोन गोष्टी बोलायच्या होत्या. एक म्हणजे, आपण दोघी जावा दुपारच्या वेळी टीव्हीवर रणगाडे खेळायचो. दुसरी, मी एकदा तुला सगळ्यांच्या देखत एक वाक्य बोलले, ते मला परत घ्यायचं होतं आणि मी घेतलं नाही. यातली पहिली ऐकून लोक हसले असते. दुसरी बोलायचं मला धाडस झालं नाही. म्हणून आता लिहिते आहे.

तो व्हिडिओ गेम प्रशांतचा. हट्ट करून करून त्यानं थोरल्या भाऊजींकडून आणवला होता, आणि सहामाहीत गणितात काठावर पास झाल्याबरोबर तू तो जप्त केलास. "आजपास्नं ह्यो डबा बंद," म्हणालीस आणि तुझ्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिलास. प्रशांत रडला, जेवला नाही, झोपला. दुसऱ्या दिवशी भाऊजी पाणीखात्यात, माझे हे उद्यमनगरात फाउंड्रीवर आणि प्रशांत शाळेत गेला. माझी स्वाती तेव्हा तीन वर्षांची, जेवून झोपली होती. साडेबाराच्या सुमाराला तू तो डबा माझ्यापुढं आणून ठेवलास आणि म्हणालीस, "शोभे, हे कसं लावत्यात बघ की. तू शिकल्यालीस."

मी तुझ्या तोंडाकडं बघतच राहिले. तू म्हणालीस, "बघतीस काय? पोरगं एवढं कशापायी रडतंय ते बघाय नगं?"

वायर टीव्हीला जोडली, कॅसेट खोचली. त्यात बरेच खेळ होते. उड्या मारणारा माणूस तुला आवडला नाही, "बिनकामाचा हुंदडतोय" म्हणालीस. रणगाडे मात्र तू बघितलेस आणि मांडी घालून बसलीस. खाली मधोमध एक पक्षी, त्याच्याभोवती विटांची भिंत. वरून शत्रूचे रणगाडे येणार आणि विटा फोडत फोडत त्या पक्ष्यापर्यंत पोचणार. आपण दोघींनी आपापल्या रणगाड्यानं त्यांना उडवायचं. पक्ष्याला गोळी लागली की खेळ संपला, मग आपण कितीही जिवंत असू. तो गरुडबिरुड असावा, पण तू पहिल्याच दिवशी त्याला कोंबडी ठरवलंस आणि विटांना खुराडं. "काय बिनडोक कोंबडी हाय," म्हणालीस, "मराय बसलीया आन हलंना." त्यानंतर आपल्या घरात त्या खेळाचं नाव कोंबडी राखणं असंच पडलं.

साडेतीनला नळाला पाणी यायचं, तोवर आपला खेळ चालायचा. आणि पहिल्या आठवड्यातच आपल्या जागा ठरून गेल्या. मी वर जायची. शत्रू जिथून निघतात तिथंच जाऊन त्याला गाठायचं, एकामागोमाग एक उडवायचं, मला त्याचीच झिंग. तू खाली. खुराड्याच्या डाव्या अंगाला तुझा रणगाडा उभा असायचा आणि तू तिथून चार विटांपलीकडं हलायची नाहीस. मी म्हणायची, "आक्का, वर ये की, इथं मजा आहे." तर तू म्हणायचीस, "तू जा. मी हाय हितं."

त्याचं कारण तू मला पुढं कधीतरी सांगितलंस. तुझं माहेर राधानगरीकडचं, भात पिकायला लागलं की गवे आणि रानडुकरं शिवारात उतरायची. सातवीला शाळेत पहिला नंबर आला तुझा. पण पुढची शाळा दोन ओढ्यांपलीकडं, म्हणून बापानं तुझं दप्तर काढून घेतलं आणि तुला शेतातल्या माळ्यावर राखणीला बसवलं, हातात पत्र्याचा डबा आणि काठी देऊन. "डुकराच्या मागं पळायचं नसतंय, शोभे," तू म्हणालीस. "एक डुक्कर पळवत न्हेतंय लांब, आन मागनं बाकीची शिरत्यात." हे तू पडद्यावरची नजर न काढता सांगितलंस. दप्तराचंही त्याच आवाजात सांगितलंस. मला तेव्हा त्यातली डुकरंच तेवढी ऐकू आली.

आणि काय गं आपण येड्या! खेळ मध्येच थांबवता येतो हेच आपल्याला वर्षभर माहीत नव्हतं. रिमोटवर मधोमध एक बटण होतं, ते खेळ सुरू करायचं म्हणून एकदा दाबायचो, नंतर त्याला हात लावायचा नाही अशी आपली समजूत. त्यामुळं दारावर कुणी आलं, दूध वर आलं, स्वाती उठून रडायला लागली, की एकीनं उठायचं आणि दुसरीनं दोघींचं राखायचं. मी उठले की तू खुराडं राखायचीस, वर माझा बिनचालकाचा उभा रणगाडाही राखायचीस. मी परत येईपर्यंत त्याला ओरखडा नसायचा. तू उठलीस की मात्र माझी फजिती. मी वर कुठंतरी शिकारीत गुंतलेली, आणि खालून तो ढप्प आवाज. तू मोरीतून ओरडायचीस, "मेली न्हवं कोंबडी? एवढं एक राखाय ईना तुला!" मग दिवसभर अबोला. खरोखर अबोला! स्वातीकरवी निरोप यायचे, "तुज्या आईला म्हणावं, आमटीत मीठ घाल."

एकदा प्रशांत तापानं घरी होता. त्याला गाढ झोप लागली असं समजून आपण डबा काढला. दहा मिनिटांनी मागून आवाज आला, "आई, मधलं बटण दाबलं की थांबतंय." वळून बघितलं तर हा गोधडीतून डोकं बाहेर काढून आपला जप्त झालेला गेम आई आणि काकी खेळताना बघतोय. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तू मात्र म्हणालीस, "तू झोप. ताप हाय तुला." पुढं त्याला सुट्टीच्या दिवशी तासभर खेळायची मुभा मिळाली ती त्यामुळंच, तोंड बंद ठेवायची ती लाच होती.

पण ते बटण तू कधीच वापरलं नाहीस. मी दाबलं की चिडायचीस. आपला तो वाद कधी मिटलाच नाही. मी म्हणायची, सोय आहे तर वापरायची का नाही, उगाच जिवाला घोर कशाला? तू म्हणायचीस, "थांबवूनच ठेवायचं आसंल तर मी कशाला बसलोय हितं?" बोलण्यात तू 'बसलोय' म्हणायचीस, आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखी, आणि मी शाळामास्तरीण तुला मनातल्या मनात दुरुस्त करायची. आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच बटण दाबायची.

मग माझी ऑर्डर आली, शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवर. सकाळी सहाची गाडी, परत यायला दिवेलागण. स्वाती सहा वर्षांची. यांचं तोंड उतरलं, पोरीचं कसं करायचं म्हणून. मी स्वतःच म्हणाले की नको जाऊ दे नोकरी, आणि म्हणताना मला रडू आलं, कारण सहा वर्षं मी त्या कागदाची वाट बघत होते. तू परातीत पीठ मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "जा. मी हाय."

चार वर्षं, आक्का. चार वर्षं तू माझ्या पोरीच्या वेण्या घातल्यास, डबा भरलास, गोवर निघाला तेव्हा रजा मिळेना म्हणून तूच तिच्या उशाशी बसलीस. मला घरी येऊन पोर आयती मिळायची, न्हालेली, जेवलेली, पाढे म्हटलेली. शनिवारी सकाळची शाळा असायची, मी दोनपर्यंत यायची आणि आपण पुन्हा डबा काढायचो. तेवढाच आपला वेळ. शनिवारी माझं डोकं गाडीच्या हिसक्यांनी उठलेलं असायचं, पण मी आडवी व्हायची नाही. असं दुसऱ्या कुणासोबत बसून मी आयुष्यात खेळले नाही, लहानपणी बहिणींशीसुद्धा नाही. हे तुला सांगायला काय हरकत होती? कधी सुचलं नाही.

आता ते वाक्य.

स्वाती चौथीच्या स्कॉलरशिपला बसली. माझ्या वाडीवरची दोन पोरं त्या परीक्षेत चमकली, गावानं नारळ देऊन माझा सत्कार केला, आणि माझी स्वतःची पोर साधी पासही झाली नाही. निकाल घेऊन मी घरी आले आणि तिचं सरावाचं पुस्तक उघडलं. बुद्धिमत्ता चाचणीच्या पानापानाच्या कडेला चौकोन आखलेले, त्यांत विटा, झाडी, पाणी आणि खाली मधोमध खुराडं. पोरीनं रणगाड्यांचे नकाशे काढले होते, एकापेक्षा एक सुबक. म्हणजे ती खेळत होती, आणि चांगलीच खेळत होती. माझं डोकं फिरलं.

तू चुलीशी नव्हतीस, गॅसशी होतीस, भाकरी थापत. भाऊजी पेपर वाचत होते, प्रशांत कॉलेजातून आला होता, हे मोरीत हातपाय धूत होते. मी पुस्तक मधोमध टाकलं आणि विचारलं, "हिला गेम कोण काढून देतं?" स्वाती खाली मान घालून उभी. तुझा हात थांबला. तू एकदा मोरीकडं बघितलंस. मग भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "माजंच ध्यान न्हवतं गं."

आणि मी म्हणाले, "शिकलेल्या बाईच्या हातात पोर असती तर ही पाळी आली नसती."

उचलली जीभ लावली टाळ्याला! दोन ओढ्यांपलीकडच्या त्या शाळेचं मला माहीत होतं. सातवीच्या पहिल्या नंबराचंही. आणि त्याच पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं, तुझ्या गोल अक्षरात, स्वातीला समजावून देण्यासाठी तू उदाहरणं सोडवलेली होतीस. तीही मला दिसली होती. मी नकाशांवर बोट ठेवलं आणि ती पानं उलटून टाकली. रागाच्या भरात बोलले म्हणावं तर तेही खरं नाही. मी शोधून बोलले, जिथं लागेल तिथं.

नळावर तू कुणाचं उधार ठेवत नव्हतीस, इथं ठेवलंस. तव्यावरची भाकरी करपली. ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस, बाकीच्या सगळ्यांना वाढलंस आणि म्हणालीस, "जेवून घ्या." त्यानंतर तो डबा तू माळ्यावर टाकून दिलास. दोन महिन्यांत आम्ही पाचगावच्या रस्त्याला दोन खोल्यांत राहायला गेलो. टेम्पो भरताना तू स्वातीची दुधाची वाटी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातलीस, "दुसऱ्या वाटीत पीत न्हाय ती," एवढंच म्हणालीस. मी हो म्हणाले.

तीन वर्षांनी एका सोमवारी, यांच्या सुट्टीच्या दिवशी, मी चहा करता करता तुझ्यावर घसरले होते. कशावरून ते आठवत नाही, त्या घरात राहिलो असतो तर पोरीचं वाटोळं झालं असतं, असलं काहीतरी. यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "शोभा, तो गेम मी काढून देत होतो. सोमवारी. तू शाळेत असायचीस, स्वाती दुपारची शाळेतनं यायची, आम्ही दोघं खेळायचो. वहिनीनं दोनदा हटकलं मला. मग ट्रंकेला कुलूप लावलं. किल्ली कुठं असते ते मला ठाऊक होतं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी मोरीत पाय धूत काय उभे राहिलात?"

"तू लई चिडली होतीस."

"आणि आक्का?"

"मी तिला नंतर म्हणालो, सांगतो म्हणून. नको म्हणाली. आधीच परीक्षेचं झालंय, त्यात तुमचं दोघांचं कशाला, म्हणाली."

मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. नवऱ्याशी अबोला धरणं सोपं असतं. त्याच संध्याकाळी रिक्षा करून तुझ्याकडं यायला हवं होतं, ते अवघड होतं, म्हणून मी सोपं ते केलं. आले रविवारी. तू अळूवड्या केल्या होत्यास. शेजारीण बसली होती. ती उठेपर्यंत अंधारायला आलं, म्हटलं पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला स्वाती सोबत होती, तिच्यासमोर कसं. त्याच्या पुढच्या वेळी तुझा चेहरा इतका खुशीत होता की कशाला जुनं उकरा म्हटलं. वर्गात मी पोरांना काय करायला लावते माहीत आहे का तुला? ज्याची खोडी काढली त्याच्यासमोर उभं राहून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं, माझी चूक झाली म्हणायचं. पहिलीतली पोरं म्हणतात. मला जमलं नाही. तीन वर्षं मी तुझ्याकडं येत राहिले आणि दर वेळी काहीतरी आडवं आलं, आणि खरं सांगते, आडवं आलं की मला हायसं वाटायचं.

मग तुझं पोटाचं दुखणं. ऑपरेशन झालं, पुन्हा दवाखाना झाला. त्या बुधवारी मी ठरवून आले होते. गाडीत वाक्य पाठ केलं, भाषणासारखं. तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस, हाताला सुया, मनगट माझ्या अंगठ्यात मावेल इतकं झालेलं. माझी चाहूल लागली तशी वळलीस आणि म्हणालीस, "बोलाय आलीस का बघाय?"

माझ्या तोंडून निघालं, "बघायला."

"मग बघ," म्हणालीस. आणि पुढं, "स्वाती अकरावीत न्हवं? दूध पितीया का?" मी 'पिते ती' म्हणाले. ती पाच वर्षांपूर्वीच दूध सोडून चहावर आली आहे, आक्का. तिथंही मी खोटंच बोलले. शनिवारी पहाटे तू गेलीस.

परवाच्या कार्यक्रमानंतर मंडळी पांगली आणि प्रशांतनं माळ्यावरून तो डबा काढला. अडॅप्टर जळून गेलेला, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. मग म्हणाला, "काकी, थांब," आणि त्याच्या कॉम्प्युटरवर त्यानं तोच खेळ लावला. कुठून कुठून उतरवून घेतात पोरं. तेच ते सूर, तोच काळा पडदा, त्याच विटा. तुझं वय आणि माझं वय तेवढं पुढं गेलं, त्या कोंबडीचं पीसही हललं नव्हतं. प्रशांत म्हणाला, "खेळ तू, मी आईचा रणगाडा घेत न्हाय. एकटीच खेळ." मी बटणांवर बोटं ठेवली आणि सवयीनं सरळ वर गेले. दोन रणगाडे उडवले, तिसऱ्याच्या मागं लागले, आणि खालून ढप्प. संपलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच, मिनिटभरात. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम खाली थांबले, तर मला काही समजेचना. शत्रू डावीकडून कसा शिरतो, कोणती वीट आधी पडते, कुठं उभं राहिलं की दोन्ही वाटा दिसतात, काही म्हणजे काही माहीत नाही. इतकी वर्षं मी तो खेळ खेळले आणि खालचा अर्धा पडदा मी कधी बघितलाच नव्हता. बघायची गरजच पडली नव्हती. मी तिथंच, प्रशांतच्या टेबलाशी, हमसून हमसून रडले, आणि तो बिचारा "काकी, सोपी लेवल लावू का?" म्हणत राहिला.

तू गेलीस त्या दिवशी मी रडले ते सगळ्यांसारखं. हे रडणं वेगळं होतं. यात तुझे उपकार होते आणि माझी लाज होती.

आक्का, आपल्यात आत्मा मानत नाहीत. तुझी चिता विझली तिथं तू संपलीस, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे आणि मला ते पटतं. म्हणजे हे मी तुला लिहिते आहे खरं, पण तुला काही पोचणार नाही. मेणबत्तीपुढं बसून मनातल्या मनात माफी मागितली तर ती माझी मलाच मागितल्यासारखी होईल, आणि मी स्वतःला नेहमीच लवकर माफ करते. तेव्हा ते वाक्य जिथं बोलले होते तिथंच, ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्यापुढंच परत घ्यायचं, असं ठरवलं आणि आज दुपारी स्वातीला घेऊन घरी गेले. यांनाही चला म्हटलं. ते आले.

भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसले होते. तू गेल्यापासून तिथंच बसतात म्हणे. प्रशांत भांडी घासत होता. मी गॅसपाशी उभी राहिले, वर्गात राहतात तशी, आणि मोठ्यानं म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी इथं मी आक्काला बोलले होते की शिकलेल्या बाईच्या हातात पोर असती तर ही पाळी आली नसती. ते खोटं होतं. पोर मी सांभाळली नाही, आक्कानं सांभाळली. गेमही आक्कानं काढून दिला नव्हता. मला हे तीन वर्षांपूर्वी कळलं आणि मी सांगायला आले नाही. चूक माझी आहे." हे मान खाली घालून म्हणाले, "आन माझी." स्वाती रडायला लागली. तिला वाटत होतं, तिच्यामुळं सगळं झालं. इतकी वर्षं पोर ते घेऊन फिरत होती, हेही मला आजच कळलं.

भाऊजींनी स्वातीला हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाले, "तुझ्या आक्काला म्हाईत हुतं की."

मी विचारलं, "काय माहीत होतं?"

"तुला कळलंय ते. ह्या तुझ्या नवऱ्यानं, रम्यानं, तवाच यिऊन सांगितलं हुतं तिला, त्याच आठवड्यात. मी म्हणालो, मग आता शोभाला इचार तरी. तर माझ्यावरच वरडली. म्हणाली, कुणी काय बोलायचं न्हाय तिला, तिची ती सांगंल." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "आन तू येणार म्हणून कळलं की मला भाईर काढायची. चापत्ती आण जा, बिस्किटं आण जा. घरात डबा भरल्याला आसायचा चापत्तीचा. शोभा तुमच्यादेखत कशी बोलंल, म्हणायची."

तीन वर्षं तू माझ्यासाठी घर रिकामं करून बसत होतीस, आक्का, आणि मी दर खेपेला तुझ्या हातचा चहा पिऊन परत गेले.